दहा हजार लक्सचा दिवा आणि आखाजीचं जागरण : ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं एक प्रकरण

घरच्यांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती: दिवा आणल्यापासून आक्का झोपतच नाहीत. नवरा, सासू आणि पुण्याहून आलेला थोरला मुलगा असे तिघं सोबत होते. आक्का स्वतः मात्र तक्रार घेऊन नव्हे, आभार मानायला आल्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. चार हिवाळ्यांत पहिल्यांदाच आपल्याला बरं वाटतंय, असं त्यांचं म्हणणं. संक्रांतीला अजून आठवडा होता, पण तिळाचे लाडू करून झाले होते, भावकीत घरोघरी वाटूनही झाले होते, आणि उरलेला एक डबा माझ्या टेबलावर आला होता. माझा एक प्रश्न पुरा होईपर्यंत त्यांची तीन उत्तरं येत होती.

पुढचं वर्णन कोणा एका बाईचं नाही. खान्देशातल्या दवाखान्यांत दिसणाऱ्या अशा बऱ्याच घरांचे तपशील एकत्र करून ते बेतलं आहे, त्यामुळे नावगाव शोधत बसू नये. निदान आणि उपचाराचा भाग मात्र प्रत्यक्षात जसा विचार करावा लागतो तसाच मांडला आहे.

आक्का ४४ वर्षांच्या. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं गाव, सहा एकर जमीन, त्यात कापूस आणि थोडी दादर ज्वारी. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी जळगावला शिकायला. घरी नवरा, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, आणि सासू. चार वर्षांपासून दिवाळी उरकली की आक्कांचं बिनसायचं. रात्री आठला आडव्या झाल्या तरी सकाळी सातला उठवत नसे. उठल्या तरी हातपाय शिसं ओतल्यासारखे जड. भूक मरायच्या ऐवजी वाढायची, आणि तीही गोडाची: शेंगदाणे-गूळ, चहात बुडवलेले टोस्ट, रात्री उठून साखर-पोळी. हिवाळाभरात वजन पाच-सहा किलोंनी वाढायचं. शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांवर वांगी भाजून भरीत करायचं असलं की एरवी आक्कांशिवाय पान हलत नसे. मिरची किती, कांद्याची पात किती, कळण्याच्या पुऱ्या कोण लाटणार, सगळं त्याच ठरवायच्या. या चार हिवाळ्यांत त्या एकदाही भरताला गेल्या नव्हत्या. 'माले काहीच गोड लागत नही,' एवढंच म्हणायच्या. होळीच्या आसपास हळूहळू उठून बसायच्या आणि घर म्हणायचं, चला, गेलं एकदाचं.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोप उडालेलं, अन्नावरची वासना गेलेलं माणूस येतं. हिवाळी नैराश्यात बऱ्याचदा नेमकं उलट दिसतं: झोप जास्त, खाणं जास्त, अंग जड. म्हणून घराला तो आजार वाटत नाही, आळस वाटतो. त्यात आक्कांचं आजारपण यायचं ऐन कापूस वेचणीत, जेव्हा मजूर मिळत नाही आणि घरातलं प्रत्येक माणूस शेतात लागतं. 'कामाच्या वेळेलाच हिला बरं नसतं' हे वाक्य चार वर्षांत त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. शेजारणींनी बाहेरचं असेल म्हटलं, भगताकडे नेऊन झालं. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली होती. महिन्याभरात आक्का उठून बसल्या, पण चिडचिड इतकी वाढली की घरानंच गोळी बंद केली. ही नोंद मी कागदावर खूण करून ठेवली.

ऋतूबरोबर येणारं प्रत्येक दुखणं ऋतूमुळेच येतं असं नाही. दर हिवाळ्यात ज्याचं काम सुटतं, किंवा दर जूनमध्ये ज्याच्यापुढे कर्ज उभं राहतं, त्याचं मन त्याच महिन्यात खचणार. निदानाच्या नियमांत ही पळवाट आधीच बंद केलेली आहे: दरवर्षीच्या ठरलेल्या ताणानं उलगडा होत असेल, तर त्याला ऋतुबद्ध नैराश्य म्हणायचं नाही. निदान दोन वर्षं तोच क्रम दिसायला हवा, आणि मधल्या काळात माणूस पूर्ण बरं व्हायला हवं. खान्देशात हा मुद्दा फार जपून तपासावा लागतो, कारण इथे हिवाळा म्हणजेच कापसाच्या भावाची काळजी. मी भाऊंना वर्षावर्षाचा हिशेब विचारला. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी घरात पैसा आला, सोसायटीचं कर्ज फिटलं, गच्चीवर पाण्याची टाकी बसली. आक्का त्याही हिवाळ्यात गोधडीखालीच होत्या. भाव पडला त्या वर्षीही तेच, तेवढंच. मग भावाला दोष देता येईना.

दिवा मुलानं मागवला. त्याच्या ऑफिसातला एक सहकारी काही वर्षं स्वीडनमध्ये राहून आलेला. तिकडे हिवाळ्यात लोक असा दिवा सर्रास वापरतात हे त्याच्याकडून कळलं. मुलानं वाचलं, आईची लक्षणं ताडून पाहिली, ती जुळली. त्याचं निदान अर्धं बरोबरच होतं, आणि दोनशे मैलांवरून आईच्या झोपेचा आणि भुकेचा एवढा विचार करणारी मुलं मला रोज दिसत नाहीत. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल त्याला बोल लावावा असं मला क्षणभरही वाटलं नाही.

प्रखर प्रकाशाचा उपचार खरोखर काम करतो. १९८० मध्ये आल्फ्रेड ल्युई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिलं की २५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) प्रकाशानं माणसाच्या रक्तातलं मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, रात्रीसुद्धा खाली येतं. ५०० लक्सनं तसं होत नाही. तोवर समज असा होता की माणसावर उजेडाचा असा परिणाम होतच नाही. कारण इतकंच की कोणी पुरेसा उजेड देऊन पाहिला नव्हता. पुढे २००२ च्या सुमारास डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी ठळकपणे समोर आल्या, ज्यांचं मुख्य काम चित्र पाहणं नाही, बाहेर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं आहे. म्हणूनच हा उपचार डोळ्यांवाटे होतो. कातडीशी आणि ड जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नाही. चांगल्या दिव्यात तर अतिनील किरण गाळून टाकलेले असतात. 'मग कोवळ्या उन्हात पाठ शेकली तर?' असं भाऊंनी विचारलं. पाठ शेकून हाडांचं भलं होईल. मनासाठी डोळे उजेडाकडे उघडे हवेत, अर्थात सूर्याकडे किंवा दिव्याकडे थेट टक लावून न बघता.

सर्वसाधारण मात्रा अशी: सकाळी उठल्यावर लवकरात लवकर, १०,००० लक्स, अर्धा तास. २५०० लक्सचा दिवा असेल तर दोन तास. कॅनडात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिवाळी नैराश्याच्या ९६ रुग्णांना आठ आठवडे एकतर असा प्रकाश दिला किंवा फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची गोळी. दोन्ही गटांत ६७ टक्के रुग्णांना गुण आला. गोळीच्या तोडीस तोड म्हणजे थोडं नव्हे. डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, मळमळ, अस्वस्थपणा एवढेच त्रास बहुतेकांना होतात, आणि तेही थोडे दिवस.

पण मात्रा असलेली कोणतीही गोष्ट औषधच असते, हे घराच्या लक्षात आलं नव्हतं. दिवा वहीच्या आकाराचा होता. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं, आणि आत बारीक अक्षरात: पंधरा सेंटिमीटरवर. हातभर लांब ठेवला तर तोच दिवा त्याच्या कितीतरी कमी उजेड देतो. मुलानं तो फडताळात ठेवून दिला होता आणि अर्धा तास सांगून तो पुण्याला परत गेला. पहिले तीन दिवस काही फरक पडेना म्हणून आक्कांनी दिवा खाली पाटावर आणला, त्याच्यासमोर वीतभर अंतरावर बसल्या आणि वेळ वाढवली. पहाटे पाच ते साडेसहा. 'जास्त घेतलं तर लवकर गुण येईल' हा त्यांचा विचार, आणि तो करणाऱ्या त्या पहिल्या नाहीत.

गुण आला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या आपणहून उठल्या, अंगण झाडलं, सडा घातला. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं असं सासूनं सांगितलं. आठवड्यानं झोप चार तासांवर आली. पुढच्या आठवड्यात दोन-तीन तासांवर, तरी थकवा नाही. रात्री तीनला भांडी घासायला काढली, माळा उतरवला, गोधड्या उसवून नव्यानं शिवायला घेतल्या. अमळनेरच्या बाजारातून उधारीवर अकरा साड्या आल्या, भाच्यांसाठी, जावांसाठी, एक तर गावातल्या नर्सबाईसाठी. सासूनं हटकलं तर तिच्यावर असा आवाज चढवला की शेजारी धावत आले. बावीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. तिथे घर घाबरलं.

तपासणीत भ्रम नव्हते, भास नव्हते, वेळ-स्थळाचं भान पक्कं होतं. बोलणं भरधाव, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या. जीव द्यायचा विचार कधी आला का, हे मी सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. न विचारल्यानं असलेला मात्र आतच राहतो. आक्का पहिल्यांदा गप्प झाल्या. मागच्या महिन्यात आला होता, म्हणाल्या. दिवा यायच्या आधी. भाऊंना हे तिथेच कळलं. वरचा आनंद आणि खालची ही गोष्ट एकाच पंधरवड्यातल्या होत्या, आणि माझी सगळ्यात मोठी काळजी तीच होती, कारण खचलेल्या मनात अचानक बळ येतं तो काळ सुरक्षित नसतो.

आता खरा प्रश्न: हे दिव्यानं केलं, की दिव्यानं फक्त उघडं पाडलं? मी विचारलं, एरवी कधी असं झालंय का, झोप कमी आणि उत्साह जास्त? भाऊ नाही म्हणाले. मुलगा नाही म्हणाला. सासू कोपऱ्यात बसली होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, 'आखाजीले बी ती आशीच करस.'

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खान्देशात तो बायकांचा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांद्यांना झोके चढतात, गौराई बसते, रात्र रात्र गाणी चालतात, घरोघरी पुरणाचे मांडे आणि आमरस. पितरांची घागर भरली जाते. पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. त्या दिवसांत एखादी बाई रात्रभर जागली, मोठमोठ्यानं गायली, गावभर फिरली, तर तिला कोणी आजारी म्हणणार नाही. म्हणतील, माहेरी आलीय, फुलू द्या. त्याच दिवसांत घराघरांत पापड-कुरडयांचा वर्षाचा साठा होतो, पहाटे चारला उठून चीक शिजवणाऱ्या बाईचं कौतुकच होतं.

मी आक्कांच्या भावाला फोन लावायला सांगितला. तो हसतच बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याचं हसू कमी होत गेलं. होय, आखाजीला आली की ताई झोपत नाही. सण तीन दिवसांचा, ती मात्र पंधरा-वीस दिवस तशीच असते. बाकीच्या बहिणी चौथ्या दिवशी थकून दुपारच्या घोरतात, ही तेव्हा तीन घरच्या कुरडया एकटी घालते. मागच्या वर्षी कापड दुकानाची तिची उधारी त्यानंच फेडली होती. तिचं बोलणं त्या दिवसांत तोडून टाकणारं असतं, वहिनीशी दोनदा कडाक्याचं वाजलं होतं. हे सगळं त्यानं आजवर मेहुण्याला सांगितलं नव्हतं, बहिणीचा बोभाटा नको म्हणून. आणि भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं, कारण आखाजीला आक्का माहेरी असायच्या.

चित्र पुरं झालं ते असं. हिवाळ्यात नैराश्य, उन्हाळ्यात सौम्य उन्माद, म्हणजे हायपोमेनिया. दवाखान्यात भरती करावं लागेल इतका चढ कधीच नाही. बायपोलर, म्हणजे मन कधी खचणाऱ्या तर कधी फार चढणाऱ्या आजाराचा हा दुसरा प्रकार, बायपोलर दोन, ऋतूच्या क्रमानं येणारा. दोन वर्षांपूर्वीच्या गोळीनं वाढलेली चिडचिड याच माळेतली. आजाराचा अर्धा भाग सासरी दिसत होता, अर्धा माहेरी, आणि दोन्ही अर्धे एका टेबलावर आले नव्हते.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण दिव्याच्या जाहिरातीत ती कधी येत नाही. प्रकाशाचा उपचार ज्याच्यापासून सुरू झाला तो अमेरिकेतला पहिला रुग्ण बायपोलरच होता. वर्षानुवर्षं आपल्या मनाच्या चढ-उतारांच्या नोंदी ठेवणारा एक अभियंता तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आला, ल्युई आणि सहकाऱ्यांनी त्याला हिवाळ्यात प्रखर प्रकाश दिला, आणि १९८२ मध्ये ते प्रकरण प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या गटानं २९ रुग्णांचं वर्णन करून या आजाराला नाव दिलं. त्या २९ मधले बहुतेक बायपोलर होते, त्यातही दुसऱ्या प्रकारचे. म्हणजे हिवाळ्यात जास्त झोपणारा, गोड खाणारा, जड झालेला माणूस समोर आला की त्याचा उन्हाळा कसा जातो हे विचारणं ही चौकसपणाची गोष्ट नाही, तो निदानाचा पाया आहे. दिवा लावण्याआधी वर्षाचा दुसरा अर्धा विचारा. तो रुग्णाला विचारून भागत नाही, कारण त्या दिवसांत त्याला स्वतःला छानच वाटत असतं. माहेरी विचारा, दुकानदाराच्या वहीत बघा, घरातल्या म्हातारीला बोलतं करा.

प्रकाशानं उन्माद चढणं ही रोज घडणारी गोष्ट नाही. पण बायपोलर माणसाला औषधाचं कवच नसताना पहाटेचा तीव्र प्रकाश देणं धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ डोरोथी सिट यांनी २००७ मध्ये बायपोलर असलेल्या नऊ स्त्रियांवर प्रकाशाचा प्रयोग मांडला. ज्या चौघींना सकाळी प्रकाश दिला, त्यांतल्या तिघींना नैराश्य आणि उन्माद एकत्र मिसळलेली अवस्था आली. दुपारी दिलेल्यांचं तसं झालं नाही.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी केल्या. दिवा बंद. रात्री झोपेसाठी आणि चढ उतरवण्यासाठी क्वेटियापिन. आणि अंधार. हो, अंधारही औषध म्हणून. उन्मादात रात्र लांब आणि काळोखी करणं उपयोगी पडतं. नॉर्वेत २०१६ मध्ये निळा प्रकाश अडवणाऱ्या केशरी चष्म्यांचा उन्मादाच्या रुग्णांना चांगला उपयोग झाल्याचं दिसून आलं होतं. आक्कांचं घर जुनं धाब्याचं. मातीचं सपाट छप्पर, जाड भिंती, माजघराला खिडकी नाही, वर एक साणं, म्हणजे छपरातला झरोका. खान्देशच्या उन्हाळ्याला तोंड द्यायला पिढ्यांनी असं घर बांधलं. संध्याकाळी सातनंतर आक्कांनी त्याच माजघरात राहायचं, साण्यावर पोतं टाकायचं, मोबाइल आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत, असं ठरवलं. दहा-बारा दिवसांत झोप सहा तासांवर आली. साड्या भाऊ आणि मुलानं दुकानदाराला समजावून परत केल्या. दोन वापरल्या गेल्या होत्या, त्यांचे पैसे भरले.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन थोडं कमी, थायरॉइड आणि मूत्रपिंड ठीक. मग दीर्घकाळासाठी कोणतं औषध, हा प्रश्न. लिथियमची बाजू भक्कम होती: बायपोलरमध्ये चढ आणि उतार दोन्ही आवरतं, आत्महत्येचा धोका कमी करतं, आणि आक्कांच्या बाबतीत तो धोका कागदावरचा नव्हता. पण लिथियम आणि खान्देशचा मे महिना यांचं जमत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. घाम गेला, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर लिथियमही. रक्तातली पातळी वाढते आणि औषधाचं विष होतं. हात जोरात थरथरायला लागणं, उलट्या, जुलाब, चाल डगमगणं, बोलणं अडखळणं, भ्रमिष्टासारखं वागणं: यातलं काही दिसलं की गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे भाऊंकडून दोनदा म्हणून घेऊनच मी लिथियम सुरू केलं.

बाकीच्या सूचना अशाच घरगुती होत्या, पण एकेकीला वजन आहे. निर्जळी उपवास नाही, हरतालिकेचाही नाही. मीठ एकदम तोडायचं नाही. कापूस लावताना पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन घ्यायची नाही, त्यानं पातळी चढते. लागली तर पॅरासिटामॉल. शेतात जाताना पाण्याची कळशी सोबत. पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, ०.६ ते ०.८ च्या दरम्यान ठेवायची, आणि एक तपासणी एप्रिलच्या शेवटी हमखास.

सासूबाईंनी निघताना हळूच विचारलं, तो दिवा आता मी लावू का, माझंही मन लागत नाही. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह, एका डोळ्यात मोतीबिंदू. डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय अजिबात नाही, असं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचे आजार असणाऱ्यांनी, आणि डॉक्सीसायक्लिनसारखी प्रकाशानं त्रास वाढवणारी औषधं चालू असणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पण त्यांचं 'मन लागत नाही' मी त्या दिवशी लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत त्यांचाही वेगळा कागद केला.

मे महिना निभावला. आखाजीला आक्का माहेरी गेल्या, जाऊ नका असं मी म्हटलं नाही. वर्षातून एकदा मिळणारा झोका आजाराच्या नावानं हिरावून घेणं मला मान्य नाही. भावाला मात्र एक काम दिलं: भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज ताई किती तास झोपली तो आकडा लिहायचा. सलग दोन रात्री पाचच्या खाली गेला तर फोन करायचा. एकदा केला, क्वेटियापिन चार दिवस वाढवलं, तेवढ्यावर भागलं.

खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्याची. इथे मुलानं रास्त शंका काढली: आपल्याकडे उजेडाची कमी आहेच कुठे? ऑस्लोत डिसेंबरचा दिवस सहा तासांचा असतो, जळगाव जिल्ह्यात अकरा तासांच्या आसपास. खरं आहे. पण आकाशात किती उजेड आहे आणि डोळ्यांत किती जातो, या दोन गोष्टी निराळ्या. मी त्याला मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप टाकून घरभर फिरायला सांगितलं. असं ॲप काटेकोर नसतं, पण फरक कळायला पुरतं. माजघरात सकाळी दहाला चाळीसच्याही खाली. साण्याखाली उभं राहून दोन-तीनशे. बाहेर ओट्यावर, उन्हात नव्हे, सावलीत, दुपारी बाराला: दहा हजारांच्या वर. तोही फोन हातात धरून बराच वेळ बघत राहिला. दिवाळीनंतर आक्का ज्या कोपऱ्यात पडून असायच्या, तिथून दहा हजार लक्स वीस पावलांवर होते. आजारानं त्या आत जायच्या, आणि आत गेल्यानं आजार आणखी धरायचा. घरानं आजार निर्माण केला असं मी म्हणत नाही. एकाच छपराखाली राहणाऱ्या सासूला आणि भाऊंना तो झाला नाही. ज्याच्या शरीराला ऋतूचा फेर जास्त जाणवतो, त्याला तो काळोख बाधतो.

सिट यांच्याच गटानं २०१८ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायपोलर नैराश्याचे ४६ रुग्ण, सगळ्यांना उन्माद आवरणारी औषधं आधीपासून चालू, आणि दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान ७००० लक्सचा प्रकाश. सुरुवात पंधरा मिनिटांनी, दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत तासापर्यंत. सहा आठवड्यांत प्रखर प्रकाशाच्या गटातले ६८ टक्के रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, मंद लाल प्रकाशाच्या गटातले २२ टक्के. कोणाला उन्माद चढला नाही. आक्कांसाठी आम्ही हाच नमुना घेतला, फक्त दिव्याऐवजी ओटा. त्यामुळे गावातली वीज गेली तरी उपचार चुकण्याची भीती नव्हती.

कोजागरीनंतर सुरुवात केली, नैराश्य यायची वाट न पाहता. दुपारी बाराला ओट्यावर, उत्तरेकडे तोंड करून, सावलीत. आधी पंधरा मिनिटं. तिथे बसून वाती वळायच्या, लसूण सोलायचा, शेजारणीशी बोलायचं, पण पदर डोळ्यांवर ओढून डुलकी काढायची नाही. चौथ्या आठवड्यात तासावर आलो आणि तिथेच थांबलो. कॅलेंडरवर झोपेचे आकडे चालू होते.

नोव्हेंबरच्या शेवटी उतार आलाच. सकाळी उठायला जड, गुळाचा डबा पुन्हा खाली उतरला. पण झोप साडेआठ तासांवर थांबली, अकरावर गेली नाही. स्वयंपाक सुटला नाही. मरणाचे विचार आले का, हे दर भेटीत विचारलं. एकदा 'आला आणि गेला' म्हणाल्या, त्या आठवड्यात भेटी वाढवल्या आणि भाऊंना रात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर जवळ ठेवायला सांगितला. तिथे मराठीत बोलता येतं. मार्गशीर्षात शेतात भरीत झालं. आक्का गेल्या. फार बोलल्या नाहीत, लवकर परत आल्या, पण मिरची किती घालायची ते त्यांनीच सांगितलं.

यात लिथियमचा वाटा किती आणि ओट्यावरच्या तासाचा किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. माझा अंदाज, कवच लिथियमचं आणि वरचा आधार उजेडाचा. घरानं आळस म्हणणं सोडलं, त्याचाही वाटा मी धरतो. चार हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा त्यांना उठवायला कोणी ओरडलं नव्हतं. भाऊ बारा वाजता चहा घेऊन ओट्यावर येऊन बसायचे.

दिवा टाकून द्यायचा का, असं मुलानं विचारलं. गरज नाही. श्रावणात झडीचे दिवस लागले आणि ओट्यावरही अंधारून राहिलं, तर लिथियमची पातळी बरोबर असताना, दुपारीच, ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या वेळेपुरता तो वापरता येईल. पहाटे मात्र कधीच नाही. दिव्याच्या मागे भाऊंनी हे मार्करनं लिहून ठेवलं आहे. पुढची पातळी आणि थायरॉइडची तपासणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आक्का माहेरी निघायच्या आधी.